टाकीतली हवा

माझी शाळा सातवीत सुटली. परंडा तालुक्यातल्या कोरड्या गावचा मी, ऐंशी सालानंतर तांबड्या समुद्रात एका बोटीवर कामाला होतो, हे आज सांगताना माझं मलाच खरं वाटत नाही. ती बोट माल वाहायची नव्हती, मासे धरायचीही नव्हती. परदेशी पाहुणे आठवडाभर तिच्यावरच राहायचे, जेवायचे, झोपायचे, आणि दिवसातून दोनदा पाठीला हवेची टाकी बांधून समुद्रात उतरायचे. कशाला, तर शार्क बघायला. ज्याला बघून माणसानं पळावं, त्याला भेटायला ही माणसं रजा काढून येत.

टाक्या भरणं हे माझं काम. मागच्या बाजूला कॉम्प्रेसर होता, त्याची एक नळी बाहेरची हवा ओढायची आणि कॉम्प्रेसर ती दाबून टाकीत भरायचा. पाण्याखाली तासभर माणूस त्याच हवेवर जगणार. त्यामुळं प्रत्येक टाकीचा काटा मी तीन-तीनदा बघायचो. मुळात स्वभाव भित्रा, त्यात हे काम.

स्वयंपाकी रत्नागिरीकडचे होते. मी त्यांना चाचा म्हणायचो, ते मला घाटी.

"काय रे घाटी, तुमच्याकडे पाण्याला टँकर लागतो ना? नि इथे चहूकडे पाणी, तर तू हवा भरत बसलायस!"

"चाचा, हितलं पाणी तरी कुठं पिता येतंय?"

"जीभ चालते हो तुझी. कप्तानासमोर कुठे जाते ती?"

खरंच होतं ते. कप्तान सुदानी, बोटीचे मालकही तेच. तरुणपणी मुंबईच्या बंदरात राहिल्यामुळं त्यांना उर्दू यायची, आणि आमच्याकडच्या बोलीत निजामाच्या वेळची उर्दू मुरलेली, म्हणून आमचं जमलं. सौदीत जेद्द्याला कामाला गेलो होतो, ती नोकरी सुटली, तेव्हा या माणसानं एकही कागद न बघता एक इंजिन खोलायला दिलं. मी ते जोडून चालू केलं, तर म्हणाले, "चल." तेवढ्यावर मी बोटीवर आलो. त्यांच्यासमोर जीभ उचलत नसे ती उपकारानं.

एका फेरीच्या तिसऱ्या दिवशी आम्ही एका प्रवाळाच्या कड्यापाशी पुढून-मागून दोर बांधून थांबलो होतो. हातोड्यासारख्या डोक्याचे शार्क तिथं कळपानं येतात, आणि आठही पाहुणे त्यांच्यासाठीच आले होते. सकाळच्या उतरणीत काही दिसलं नाही. वर आल्यावर त्यांच्यातल्या एक वयस्कर शिक्षिका डोकं धरून बसल्या. आणखी दोघांना मळमळत होतं.

"धूप," कप्तान म्हणाले.

"ऊन लागलं बाईंना," म्हणत चाचांनी लिंबाचं सरबत केलं.

ते ऐकलं आणि मला गावची विहीर आठवली. बहात्तरच्या दुष्काळानंतर आमच्या गावात सहकारी पाणीपुरवठा सोसायटी निघाली होती. तिच्या इंजिनावर एक अण्णा होते, त्यांच्या हाताखाली मी काम शिकलो. पुढं एका उन्हाळ्यात विहिरीचं पाणी फार खाली गेलं, म्हणून इंजिन आत कपारीवर उतरवलं. अण्णा दुपारी वर आले आणि म्हणाले, "डोकं लई जड झालंय रं." आम्ही म्हणालो, ऊन लागलं असंल, कांदा हुंगा. त्यांनी कांदा हुंगला, हसले, आणि इंजिनात तेल घालायला पुन्हा उतरले. ते जिवंत वर आले नाहीत. इंजिनाचा धूर त्या विहिरीत साठला होता.

मी मागं जाऊन दुपारी चारच्या उतरणीसाठी भरलेल्या टाकीची चावी जराशी सोडली आणि नाक लावलं. वास अगदी बारीक होता, पण होता. जळक्या डिझेलचा. दुसऱ्या टाकीलाही तोच. चाचांना हुंगायला लावलं.

"मला तर तळलेल्या मासळीचाच वास येतोय बाबा. कप्तानाला सांगणार? ती नळी त्यांनी स्वतः बसवलीय. त्यात खोट काढलीस तर पुढच्या बंदरात उतरवतील तुला."

"उतरवू द्या."

तोंडानं म्हणालो, पण तिथंच टाकीची चावी उघडझाप करत बसलो. ज्यानं कागद न बघता घेतलं, त्यालाच चुकीचं ठरवायचं. आणि माझं नाकच चुकलं असलं तर? पाहुणे तर रबरी कपडे चढवायला लागले होते. शिक्षिकाबाईंनीही टाकी उचलली. तेव्हा मी पुढं गेलो आणि त्यांच्या हातातली टाकी सरळ काढून घेतली.

"पागल हुआ क्या?" कप्तान ओरडले.

"साहब, हवा में धुआँ है."

त्यांनी हुंगलं. सतत सिगारेट ओढणारा माणूस, त्यांना काही कळेना. मी बोटीच्या निशाणाकडं बोट दाखवलं. रोज उत्तरेचा वारा असायचा, त्या दिवशी पहाटेच तो फिरून दक्षिणेचा झाला होता. बोटीवरच्या जनरेटरचा धूर उलटून नळीच्या तोंडावरूनच चालला होता. कप्तान नळीपाशी जाऊन उभे राहिले आणि खोकत मागं आले.

मग त्यांनी सगळ्या टाक्या उघडायला लावल्या. सुस्कारत ती हवा सुटत होती, तेव्हा एक पाहुणा रागानं बरंच काही बोलला. मला भाषा कळली नाही, पण शिव्या कुठल्याही भाषेतल्या कळतात. चारची उतरण बुडाली ती बुडालीच.

संध्याकाळी नळी वाढवून पुढच्या डोलकाठीवर उंच बांधली, वारा येईल तिकडं तोंड. पहाटे नव्यानं टाक्या भरल्या, एकेक हुंगली. आठजण उतरले. ते वर येईपर्यंत मी शिडी सोडली नाही. बुडबुडे बघून डोकी मोजत राहिलो. सात झाली. मधला वेळ कसा गेला ते सांगता येत नाही. मग शिक्षिकाबाईंचं डोकं वर आलं. तोंडातली नळी काढून त्यांनी दोन मुठी दोन कानांशी धरल्या आणि माझ्याकडं बघून मोठ्यानं हसल्या. हातोडेवाले दिसले होते, पुष्कळ.

जेवताना कप्तानांनी आपल्या ताटातला मोठा तुकडा माझ्या ताटात टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आज से इसने सूँघा नहीं, तो कोई उतरेगा नहीं."

डोळे भरून आले होते, आणि त्याच वेळी दुसरी काळजी लागली.

"चाचा," मी हळूच विचारलं, "सर्दीवर काय काढा हाय का तुमच्याकडं?"

"झाली काय तुला?"

"न्हाय. पण झाली तर?"