पाणी हुंगणारे भाऊ

भाऊ पाणी आधी हुंगायचे. तलावाच्या पायरीवर उकिडवं बसायचं, ओंजळ नाकापाशी न्यायची, डोळे मिटायचे आणि मग निकाल द्यायचा, "आज बरं नाई हाये, मॅडम." अमरावतीच्या आमच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते परिचर होते आणि मी प्राध्यापक. महागडं मीटर माझ्या हातात असायचं, पण सोबत आलेली मुलं बघत असायची ती भाऊंच्या नाकाकडे. मी आकडा वाचीपर्यंत मुलांनी भाऊंचा निकाल वहीत उतरवलेला असे. माझा आकडाही बहुतेक वेळा त्यांच्याच बाजूने साक्ष द्यायचा. मला हे पहिल्या दिवसापासून आवडलं नाही.

मी अकोल्याच्या जठारपेठेतली, वकिलाची मुलगी. आमच्या घरी पुराव्याशिवाय भाजीलासुद्धा कोणी चांगली म्हणत नसे. भाऊ मोर्शीकडचे, घरची जमीन धाकट्या भावाच्या हवाली करून शहरात नोकरीला आलेले, दहावीपर्यंत शिकलेले. पहिल्याच फेरीत मी म्हटलं, "भाऊ, आधी सगळ्या बाटल्या भरून घ्या, लेबलं मग लावू." त्यांनी मान हलवली. "नाई मॅडम. आधी नाव, मंग पानी. लेकराचं बारसं मागून करता येते, बाटलीचं नाई." मग पेन्सिलीने सावकाश नाव लिहिलं, कारण शाई ओल्या हाताने पसरते. प्रत्येक बाटली तलावाच्याच पाण्याने तीनदा विसळली. कॉलेजातून धुऊन आणलीय म्हटलं तर म्हणाले, "ते कॉलेजचं पानी. ते कॉलेजात." मुलं हसली. मीही हसल्यासारखं केलं.

प्राणवायू मोजायची बाटली वेगळी असते, काचेच्या बुचाची. तिच्यात हवेचा एकही बुडबुडा राहून चालत नाही, नाहीतर मोजमाप खोटं ठरतं. भाऊ बाटली तिरपी धरून पाण्याखाली हळूहळू भरायचे, बूच लावून उजेडात उलटी करायचे, आणि मोहरीएवढा बुडबुडा दिसला तरी सगळं ओतून पुन्हा भरायचे. एकदा माझ्या बाटलीत तसा बुडबुडा राहिला. ऊन चटके देत होतं. मी म्हटलं, "चालतं हो भाऊ एवढं." ते शांतपणे म्हणाले, "चालते तं मोजता कावून, मॅडम?" हे सगळ्या वर्गासमोर. ते चिडवत नव्हते, खरोखर विचारत होते. मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

खरं सांगायचं तर मी त्यांच्यावर जळत होते. दुसरा सभ्य शब्द खूप शोधला, सापडला नाही. जुने विद्यार्थी लग्नाची पत्रिका घेऊन यायचे, मला दारातून नमस्कार करायचे आणि आत जाऊन भाऊंच्या पाया पडायचे. तलावात मासेमारी करणाऱ्या सोसायटीचा रामदास मला पाण्यात जायला नाव द्यायची तर कॉलेजचं पत्र मागायचा, आणि भाऊ काठावर दिसले की लांबूनच ओरडायचा, "या भाऊ, बसा!" मी पाच वर्षं घासून पीएचडी केली होती. भाऊंनी काय केलं होतं? चहा घेतला होता रामदासच्या घरी. तेवढ्यावर सगळा तलाव त्यांचा झाला होता.

अशातच तलावाच्या सुधारणेचं मूल्यमापन पालिकेकडून आमच्या कॉलेजकडे आलं आणि मी त्याची प्रमुख झाले. जलपर्णी काढली होती, गाळ उपसला होता, मधोमध कारंजी बसवली होती. या सगळ्याने पाणी खरंच सुधारलं का, एवढंच आम्ही सांगायचं होतं. ते सांगितल्यावर पुढच्या टप्प्यात काय करायचं हे ठरणार होतं: वस्तीचं सांडपाणी अडवायचं, की पाणी सुधारलंच आहे म्हणून काठावर बाग आणि दिवे. नमुने दर बुधवारी घ्यायचो. पहिला तास संपला की अकराला कॉलेजची गाडी निघायची, साडेअकराला आम्ही काठावर. प्राणवायू भरपूर निघायचा. मी खूश.

भाऊ खूश नव्हते. "मॅडम, एक फेरा पाहाटी मारून पाहा ना. आता ऊन हाये, शेवाळ जोरात हाये. पाहाटीस मासा वर येऊन तोंड वासून राहिला, रामदास सांगे." यात मला नवं असं काही नव्हतं. शेवाळ उन्हात प्राणवायू सोडतं आणि रात्रभर तोच ओढून घेतं, हे मी दरवर्षी फळ्यावर शिकवते. पण गाडी दहाच्या आधी मिळत नाही, ड्रायव्हर येत नाही, माझा तास असतो. "आपल्याला ठरलेल्या पद्धतीनं जायचंय, भाऊ," मी म्हटलं. ते "बरं" म्हणाले. एवढ्या लवकर ते कधी बरं म्हणत नसत, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

त्याच महिन्यात एका वर्तमानपत्राचा वार्ताहर काठावर आला. मी त्याला अर्धा तास सगळी माहिती दिली, स्पेलिंगसकट नाव लिहून दिलं. रविवारी फोटो छापून आला तो भाऊंचा, ओंजळ नाकाशी धरलेला, वर ठळक अक्षरांत "तलावाचे वैद्य". माझं नाव कुठेच नव्हतं. मजकुरात "महाविद्यालयातील एक शिक्षिका" होती, ती मी. सोमवारी भाऊ पेढे घेऊन आले. मी मधुमेहाचं कारण सांगितलं. मला मधुमेह नाही.

मंगळवारी माझ्या टेबलावर एक घडी घातलेला कागद होता. पेन्सिलीने आखलेले रकाने, तारखा, आणि समोर पहाटेचा प्राणवायू. भाऊ कित्येक आठवडे सायकलने तलावावर जात होते, रामदासच्या नावेतून नमुने घेत होते आणि मी यायच्या आत प्रयोगशाळेत ते तपासून मोकळे होत होते. आकडे वाईट होते, आणि दर आठवड्याला आणखी वाईट होत चालले होते. मी ते दोनदा वाचले. रविवारचा फोटो अजून डोळ्यांसमोरून हलला नव्हता. परिचराने परवानगीशिवाय घेतलेले नमुने, असं मी स्वतःशीच म्हटलं आणि कागद खणात टाकला. अहवालात लिहिलं, "सुधारणा समाधानकारक." पालिकेच्या बैठकीत टाळ्या पडल्या. बागेचं काम निघालं.

भाद्रपदात आठवडाभर आभाळ गच्च राहिलं, ऊन नावाला पडलं नाही. एके दिवशी सकाळी भाऊंचा फोन आला, "मॅडम, या. आता या." मी रिक्षाने पोचले तेव्हा काठ पांढरा दिसत होता. मासे होते. लहान, मोठे, सगळे पोट वर करून. रामदासची बायको पायरीवर बसून नुसती बघत होती. सोसायटीचं वर्षाचं पोट त्या पाण्यात होतं. भाऊंनी बाटली भरली, उलटी करून पाहिली, प्राणवायू तपासायची दोन्ही औषधं तिच्यात सोडली. पाण्यात प्राणवायू असेल तर तळाशी बसणारा साका तांबूस होतो. भाऊंनी बाटली माझ्यासमोर धरली. साका दुधासारखा पांढरा होता, त्यात तांबूसपणाचा ठिपका नव्हता. अशी बाटली मी तोवर पुस्तकातच पाहिली होती.

थोड्या वेळाने पालिकेचे अभियंता आले. रामदास सरळ त्यांच्यासमोर माझ्याकडे वळला. "मॅडमच्या रिपोर्टात तं पानी चांगलं होतं म्हने! मंग हे काय होय?"  भाऊच पुढे झाले. "मॅडम ज्या वेळेले येत, त्या वेळेले पानी चांगलंच असे. पाहाटीचा कागद माह्याकडं होता. म्या तो टेबलावर ठेवला, हातात द्याले पायजे होता. चुकी माही हाये, रामदास."  भाऊंवर रामदासला रागावता येत नव्हतं. आणि मला? मला त्या क्षणी भाऊंचा असा राग आला की सांगता येत नाही. मुलं त्यांची, तलाव त्यांचा, फोटो त्यांचा, आणि आता माझी चूकसुद्धा त्यांनीच घेतली. आभार मानायचे राहिले ते राहिलेच.

मी अहवाल बदलून द्यायचं कबूल केलं. त्यासाठी वर्षभर पहाटेचे नमुने हवे होते. भाऊ मध्येच निवृत्त झाले, तरी त्यांची सायकल थांबली नाही. थंडीत मफलर गुंडाळून ते यायचे, बाटल्या माझ्या टेबलावर ओळीने मांडायचे, लेबलं माझ्याकडे वळवून. "एकडाव तुमीही चाला, मॅडम. पाहाटीस लय बेस दिसते तलाव." मी म्हणायची, पुढच्या आठवड्यात. मला खरंच जायचं होतं. पण गेले असते तर त्यांच्या मागे उभं राहून शिकावं लागलं असतं.

नव्या अहवालाची बैठक झाली. भाऊ मागच्या खुर्चीवर बसले होते, इस्त्रीचा सदरा घालून. मी सगळं मांडलं: दिवसाचं पाणी, पहाटेचं पाणी, सांडपाणी का अडवलं पाहिजे. अधिकाऱ्यांनी कागद उलटसुलट केला आणि विचारलं, "पहाटेची मापं फारच काटेकोर आहेत. घेतली कुणी?" एक नाव घ्यायचं होतं. मी मागे पाहिलं. भाऊ माझ्याकडेच बघत होते, अगदी कौतुकाने. मी म्हटलं, "आम्ही."

बागेचं काम थांबलं, सांडपाण्याचं मंजूर झालं, आणि मला शाल-श्रीफळ मिळालं. बाहेर भाऊंनी हात जोडले. "मस्त बोल्ले, मॅडम. आता मी जातो मोर्शीले, धाकला भाऊ बोलावून राहिला." त्या दिवाळीत फोन करायचा म्हणून मी नंबर काढून ठेवला होता. दिवाळीच्या चार दिवस आधी शेतात चक्कर येऊन ते गेले. निरोप मला रामदासकडून कळला. त्याने कॉलेजच्या पत्राची वाट न बघता घरी येऊन सांगितलं.

अहवाल आता छापला गेला आहे, त्यात बदल होत नाही; मी विचारून पाहिलं. म्हणून इथे लिहिते. ती मापं भाऊंनी घेतली, एकट्यांनी, वर्षभर. मी एकदाही गेले नाही. त्या वेळी मी घरी झोपलेली असे.