माशाच्या तेलातलं बेअरिंग

मेकॅनिकलचा डिप्लोमा झाल्यावर मला पहिली नोकरी लागली ती फिशमीलच्या कारखान्यात, आचऱ्याच्या आमच्या घरापासून स्कूटरने जाऊन-येऊन करण्यासारखी. बाजारात न खपणारी मासळी तिथे यायची. ती शिजवायची, पिळून तेल काढायचं, उरलेला चोथा वाळवून भुकटी करायची. यंत्रांची देखभाल माझ्याकडे. संध्याकाळी घरी पोचले की आई मला मागच्या दारानेच आत घ्यायची आणि थेट न्हाणीत पाठवायची. शिकेकाई झाली, लिंबू झालं, तरी वेणीतून वास जायचा नाही. देवळात शेजारी बसलेली बाई हळूच पदर नाकाला लावायची.

वासाची मात्र सवय होते. मला खरी किळस आली ती एक बेअरिंग उघडलं तेव्हा.

आलेली मासळी आधी एका खड्ड्यात ओतायचे; तिथून ती वर कुकरमध्ये ढकलणारा एक लांबलचक स्क्रू होता. त्याचं खालचं टोक एका रोलर बेअरिंगवर फिरायचं. ग्रीस चांगलं असेल, आत पाणी-रेती जात नसेल, तर असं बेअरिंग वर्षानुवर्षं कुरकुर करत नाही. आमच्याकडे एकाच हंगामात दोन गेली होती आणि आता तिसरं करकरायला लागलं होतं.

स्क्रू चालवणारे काका माझ्या वडिलांच्या वयाचे. ते म्हणाले, "बाय, परत ओरडता बघ."

मी मशीन बंद करायला लावलं आणि बेअरिंगच्या घराचं झाकण काढलं. आत ग्रीस नव्हतंच. नासलेल्या दुधासारखा पांढरट-करडा लगदा होता. त्यात खवले, मिठाचे कण आणि बारीक रेती. कडेच्या फाटलेल्या रबरी सीलमध्ये अळ्या वळवळत होत्या. मी बाहेर जाऊन माडाच्या बुंध्याला टेकून उभी राहिले.

परत आत येऊन मी विचारलं, "काका, तुमी ग्रीस कधी भरलास?"

"ग्रीस खंय आसा? संपान महिनो झालो. शेठ म्हणाले, माशाचा तेल घाला. तेल ता तेल."

रोज काम संपलं की कारखान्यातल्या बायका होजपाइपचा जोरदार फवारा मारून सगळं धुवायच्या. तो फवारा नेमका त्या सीलवर बसायचा. खारं पाणी आत शिरायचं, माशाचं तेल त्यात नासायचं. रोलर आणि त्यांच्याभोवतीच्या कड्याच्या मध्ये तेलाचा जो पातळ पापुद्रा टिकायला हवा तो टिकतच नव्हता. लोखंडावर लोखंड घासत होतं आणि मधली रेती दोघांनाही कुरतडत होती. कड्याच्या चकचकीत पृष्ठभागाची साल निघाली होती.

मी कारखान्याच्या मालकांना, शेठना, फोन केला. ते म्हणाले, "मॅडम, कंपन्या हल्ली डुप्लिकेट माल देतात. त्यापेक्षा स्वस्तातलं बेअरिंग घाला. हंगाम संपतच आलाय."

घातलं. त्यातही माशाचंच तेल, कारण ग्रीसचा डबा काही आला नाही. मे महिन्यातल्या एका दुपारी खड्डा काठोकाठ भरलेला असताना ते जाम झालं. स्क्रू अडकला. वरून ऊन, खाली गरम होत चाललेली मासळी. खड्डा हातानेच रिकामा करावा लागला. चार बायका साड्या खोचून आत उतरल्या, उघड्या हातांनी घमेली भरू लागल्या. काका आणि मी वर ओढत होतो. मासळी हातात धरली की मांस सुटून काटा तेवढा हातात राहायचा. एका बाईच्या बोटात काटा रुतला. तिने तो दातांनी उपटला, थुंकली आणि पुन्हा वाकली.

शेठ आले. गाडीतून उतरले नाहीत. काच बोटभर खाली करून म्हणाले, "व्हाळात सोडा सगळं. वाहून जाईल खाडीत."

त्या ओढ्याचं पाणी खालच्या वाडीतली गुरं पीत होती. काकांनी घमेलं खाली ठेवलं.

"माका जमाचा नाय," ते म्हणाले. त्यांच्यामागे बायकाही थांबल्या. शेवटी शेठनी जेसीबी मागवला आणि माडांच्या मागे खड्डा खणून सगळं पुरलं.

मी जाम झालेलं बेअरिंग उपसलं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि शेठच्या केबिनमध्ये, एसीत, काचेच्या टेबलावर ठेवून उघडलं. त्यांच्या पुढ्यात काजूची बशी होती. लगदा कागदातून झिरपून काचेवर पसरला.

"हे काय आणलंत इथे? उचला!" नाकावर रुमाल दाबून ते उठले.

"तेलच आहे, शेठ. तुम्ही घालायला सांगितलेलं."

ते बाथरूमकडे धावले. ओकल्याचा आवाज मी दारापाशी उभी राहून ऐकला. मला समाधान वाटलं नाही.

खड्डाभर मासळी वाया गेल्याचं शेठना झोंबलं होतं. पावसाळ्यात मासेमारी बंद होती, तेव्हा मला हवं ते मिळालं. दुहेरी सील, पाण्यात टिकणारं ग्रीस. बेअरिंगवर पत्र्याचा आडोसा मी जामसंड्याच्या वेल्डरकडून करून घेतला. ठरल्या वेळी थोडंच ग्रीस भरायचं, फवारा तिकडे वळवायचा नाही, हे सगळ्यांना समजावलं. नव्या हंगामात स्क्रू विनातक्रार फिरू लागला. शेठ पाहुण्यांना आडोसा दाखवून सांगायचे, "ही माझी आयडिया."

मग मी बायकांसाठी रबरी हातमोजे मागायला गेले.

शेठ हसले. "हातांना कुठे रोज फिरायचंय, मॅडम? बेअरिंग गेलं तर कारखाना बंद पडतो."

त्याच आठवड्यात मी नोकरी सोडली. आता धामापूरच्या बाजूला भाताच्या गिरण्या आणि पाण्याचे पंप दुरुस्त करते. जाताना काकांना विचारलं होतं, "तुमी येतास?" ते म्हणाले, "ह्या वयात माका कोण घेतलो, बाय?" अजून ते तिथेच आहेत आणि त्या बायकाही. मोजे अजून आलेले नाहीत.