ओळख दाखवायची नाही

पुढारीपण शिकायला म्हणून मी मुळशीला गेले आणि पहिल्याच दिवशी आम्हाला शिकवलं ते लपायला. २००९चा मे महिना होता. समलिंगी, ट्रान्स, शिवाय स्वतःला काय म्हणायचं हे अजून ठरलेलं नाही अशी आम्ही पुण्या-मुंबईची, नाशिक-सोलापूरकडची पोरंपोरी. आपल्या हक्कांसाठी चारचौघांत उभं कसं राहायचं, हे शिकवणारं ते उन्हाळी शिबिर. कायद्याच्या लेखी तेव्हा आमचं प्रेम गुन्हा होता, म्हणून रिसॉर्टवाल्याला नुसतं ‘युवा नेतृत्व शिबिर’ असं सांगितलं होतं. म्हटलं तर खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं.

आल्या आल्या आमचे मोबाइल एका पिशवीत गोळा केले. फोटो काढायचे नाहीत. भिंतीवरच्या सगळ्या तक्त्यांच्या मागच्या बाजूला आधीच ‘वेळेचे व्यवस्थापन’ वगैरे लिहून ठेवलेलं. परकं माणूस दारात आलं की तक्ते उलटे करायचे. आणि सगळ्यात मोठा नियम असा, की बाहेर कुणाचा नातेवाईक किंवा ओळखीचा भेटला, तर बाकीच्यांनी त्या मुलाला किंवा मुलीला ओळखच दाखवायची नाही. ‘तू ह्या लोकांबरोबर काय करतेस?’ हा प्रश्नच येता कामा नये. शिबिर घेणारे दादा मुंबईचे होते, शांत बोलायचे. ते म्हणाले, “हा नियम आपल्यातल्या कुणाचं तरी घर वाचवतो.” आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. सर्वांत जोरात माझी हलली असेल.

कारण मला वाचवायचं होतंच. मी बार्शीची. हिंजवडीला एका कंपनीत नोकरी, मारुंजीत भाड्याचं घर, आणि त्या घरात ‘रूमवरची मैत्रीण’ म्हणून जिचा उल्लेख मी दीड वर्ष करत होते, ती माझी मैत्रीण नव्हती, माझं माणूस होती. शिबिरालाही आम्ही दोघी मिळून गेलो होतो. आणि बावधनला माझी मावशी होती. सख्खी, आईच्या पाठची. पुण्यात मला आपलं म्हणावं असं ते एकच दार. दर रविवारी मी तिच्याकडे जेवायला जायची. कटाची आमटी, भात, आणि वर ‘वाळलीस किती गं मेली’ हे ठरलेलं. ते दार बंद झालं असतं तर आईचंही झालं असतं, आणि मग मला गाडीत घालून बार्शीला नेऊन उभी केली असती बोहल्यावर. ह्यात काही माझ्या मनाचे खेळ नव्हते. आमच्या गल्लीत एकीचं असंच झालं होतं, आणि त्या लग्नात मी जेवून आले होते.

मावशीला मी सांगितलं होतं, ह्या शनिवार-रविवारी कंपनीचं ट्रेनिंग आहे. तिनं विश्वास ठेवला. आयटीवाल्यांच्या ट्रेनिंगवर आमच्याकडची माणसं देवासारखा विश्वास ठेवतात.

तर रविवारी दुपारी काय झालं, तर जेवणाच्या मांडवात आमच्या रांगेशेजारी दुसरी रांग लागली. रिसॉर्टच्या मोठ्या हॉलमध्ये सकाळपासून कसला तरी कार्यक्रम चालू होता, माइकवर कुणीतरी सारखं ‘हॅलो हॅलो’ करत होतं. स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मावळातल्या बाईंना मी विचारलं, लग्न आहे का?

“लगीन न्हाई वो, लगीन जमवायचं हाय. वधूवर मेळावा. लई लांबून मानसं आल्यात,” त्या म्हणाल्या. मग जरा पुढं झुकून विचारलं, “तुमी ध्यानाची मानसं हाय का? फोन न्हाई, फोटू न्हाई, आरडाओरडा न्हाई.”

मी हसत होते. हातात ताट होतं, शेजारी माझं माणूस कोशिंबीर वाढून घेत होतं. आणि मागून आवाज आला, “अगं बया! तू इथं?”

मावशी! मोतिया रंगाची साडी, केसांत गजरा, छातीवर समितीचा लाल बिल्ला. कप्पाळ माझं! मावशीचे यजमान, आमचे काका, निवृत्त झाल्यापासून समाजाच्या वधूवर समितीत होते हे मला माहीत होतं. मेळावे नेहमी शहरात व्हायचे. ह्या वेळी समितीतल्या कुणाच्या तरी मेव्हण्याचं रिसॉर्ट मिळालं म्हणून सगळा समाज उचलून मुळशीला आणला होता.

मावशीनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि बघता बघता तिचे डोळे भरून आले. “ट्रेनिंग म्हणे! लाजली गं माझी पोर. स्थळ बघ म्हटलं की अंगावर येत होतीस, आणि गुपचूप स्वतःच आलीस होय?”

असा अर्थ फक्त आमची मावशीच काढू शकते. आणि मी तो खोडला नाही. खोडायचा तर काय सांगायचं होतं? मग कुणाबरोबर आलीस, कशाला आलीस? तोच तर प्रश्न येऊ द्यायचा नव्हता.

मावशी शेजारी वळली. “तुम्ही हिच्याबरोबर आलात का हो?”

माझ्या माणसानं ताटावरून नजर वर केली. सकाळीच मी तिची वेणी घालून दिली होती. “नाही,” ती म्हणाली. “मी ओळखत नाही ह्यांना.” आणि पुढं सरकून तिनं वरण घेतलं.

नियम म्हणून तिनं अगदी बरोबर केलं, हे मला कळत होतं. तरी कुणीतरी फाडकन तोंडात मारावी तसं झालं. तिच्या मागचे दोघं तिघंही माझ्याकडे न बघता पुढं गेले. एक मुलगा, ज्यानं आदल्या संध्याकाळी माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडून घेतलं होतं, तो मला “जरा सरकता का?” म्हणाला. इतका चोख नियम पाळणारी माणसं मी आयुष्यात पाहिली नाहीत.

मावशीनं माझा दंड धरला आणि मला हॉलमध्ये नेलं.

हॉलमध्ये पंखे गरम हवा फिरवत होते. एका बाजूला मुलींच्या आया, दुसऱ्या बाजूला मुलांच्या, आणि मधल्या रांगांत आम्ही, जिला जिथं बसवलं तिथं बसलेल्या. शेजारची मुलगी ओठांतल्या ओठांत आपली ओळख पाठ करत होती. निघून जायचं तर दारात काका उभे. ओरडायचं तर कुणाला? मोबाइल पिशवीत, पिशवी दादांच्या कपाटात. मी मनात म्हटलं, कुणीतरी येईल. ती येईल. काहीतरी निमित्त काढेल, ऑफिसचं म्हणेल, आजारी पडेल. दार उघडलं की मी मान वळवायची. यायचे ते पाणी घेऊन पोरं आणि उशिरा पोचलेली स्थळं.

मग काकांनी माइकवर सांगितलं, “आता आमची भाची. संगणक अभियंता, हिंजवडीला आहे.” टाळ्या! मला वर ढकललं. शिबिरात आदल्याच दिवशी आम्ही हाच सराव केला होता, लाकडी डाव माइकसारखा धरून, दोन मिनिटांत आपण कोण आहोत ते न घाबरता सांगायचं. तेव्हा माझं सगळ्यांनी कौतुक केलं होतं. इथं खरा माइक होता. मी शिक्षण सांगितलं, नोकरी सांगितली, उंची सांगितली. अपेक्षा काय, असं काकांनी विचारलं. मी म्हटलं, “काही नाही.” तेही लोकांना फार आवडलं. संस्कारी मुलगी!

खाली उतरले तर मावशी फोनवर. “हो गं ताई, अगं स्वतःहून आली! नाही, मी नाही बोलावलं. घे, बोल तिच्याशी.” पलीकडून आई नुसती रडत होती. आनंदानं. “देवानं ऐकलं बाई माझं,” एवढंच म्हणत होती. मी “हूं” म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

आणि मावशीनं ठरवूनही टाकलं. कराडचे लोक आहेत, मुलगा गरीब आहे स्वभावानं, संध्याकाळी बावधनला चहाला येताहेत. तू आत्ताच आमच्याबरोबर गाडीतून चल. बॅग कुठंय तुझी?

बॅग! मी म्हटलं, त्या पलीकडच्या इमारतीत खोली मिळालीय, आणते पटकन. मावशी म्हणाली, “एकटी नको जाऊस, मी येते.” गुडघे धरत धरत ती माझ्याबरोबर निघाली. वाटेत तिनं माझ्या केसांवरून हात फिरवला, स्वतःचा गजरा काढून माझ्या वेणीत माळला. मला वाटलं, आत्ता इथं जमीन फाटली तर किती बरं होईल.

आम्ही दारात पोचलो आणि आतून तक्ते उलटे झाल्याचा खडखडाट ऐकू आला. सगळे गोलात बसलेले. दादांनी मान वर केली, आणि मला, मला बरं का, विचारलं, “कोण हवंय आपल्याला?”

माझी बॅग माझ्या माणसाच्या पायाशी होती. तिनं ती उचलली, उठून दारापाशी आली, आणि माझ्या पुढं धरली. “ही तुमची राहिली होती का?”

तुमची. दीड वर्षात ती मला तुम्ही म्हणाली नव्हती. मला एकदम असा राग आला, सगळ्यांचा, त्या नियमाचा, गजऱ्याचा, माझा स्वतःचा, की मी बॅग घेतली आणि धाडकन खाली आपटली.

“बास झालं,” मी म्हणाले. “मावशी, मी मेळाव्याला आलेच नव्हते. मी ह्यांच्याबरोबर आलेय. ही माझ्या रूमवर राहते ती. आम्ही दोघी एकत्र आहोत. नवराबायको असतात तशा. मला कराडच्या मुलाशी लग्न करायचं नाही, कुठल्याच मुलाशी नाही.”

बिचारे दादा! अशा वेळेला काय करायचं हे त्यांच्या नियमात नव्हतं.

मावशी दाराजवळच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली. तिनं पदरानं तोंड पुसलं. मला वाटलं आता ओरडेल, छाती बडवेल. ती माझ्याकडे बघतही नव्हती. ती तिच्याकडे बघत होती.

“तूच ना गं ती, वरण घेणारी?” मावशी म्हणाली. “तोंडावर सांगितलंस, ओळखत नाही म्हणून. मी हिला तुझ्यासमोरून ओढत नेली. तिकडं बाजारात उभी केली तासभर. एकजणसुद्धा आलं नाही तुमच्यातलं. अशी कशी गं तुम्ही माणसं?”

ती रडायला लागली. हमसून हमसून. दादा काहीतरी समजावायला उठले, मावशीनं हातानंच त्यांना बसवलं.

मग माझ्याकडे वळली. “तुझ्या आईला मी काही सांगणार नाही. स्थळ पसंत नव्हतं म्हणेन. पण तूही आता माझ्या घरी येऊ नकोस. आमच्या पोरीचं लग्न व्हायचंय. तुझ्यापायी तिचं अडलं तर मला सहन व्हायचं नाही. तिचं जमलं की बघू.”

“किती दिवस?” मी विचारलं. मूर्खासारखंच विचारलं.

“ते तिच्या नशिबावर,” मावशी म्हणाली आणि उठली. मी हात पुढं केला, तो तिनं धरला नाही. उन्हात एकटी, गुडघे धरत, हॉलकडे गेली.

शिबिर संध्याकाळी संपलं. मारुंजीच्या घरात शिरल्यावर ती म्हणाली, “मला जायला हवं होतं तुझ्यामागं.” मी म्हटलं, “हो.” त्या ‘हो’वरून आम्ही पुढं बरीच भांडलो, आणि तरी एकत्र राहिलो.

रविवार फार वाईट जायचे. बावधनचा पूल आला की मी बसमध्ये दुसऱ्या बाजूला बघायची. जुलैत दिल्लीच्या न्यायालयाचा निकाल आला, आपण गुन्हेगार नाही म्हणून आमच्या ग्रुपमध्ये पेढे वाटले. मीही खाल्ला. मावशीच्या पोरीचं लग्न मात्र काही जमत नव्हतं, आणि त्यावर कुठल्या न्यायालयाचं काही चालणार नव्हतं. मी रोज देवाला सांगायची, बाबा, त्या पोरीचं बघ. कुणाच्या लग्नासाठी इतकी तळमळले असेन तर तिच्याच.

पुढच्या उन्हाळ्यात जमलं, झालंही. मला बोलावणं नव्हतं. लग्नानंतर काही दिवसांनी दुपारी फोन वाजला. मावशी.

“झालं बाई तिचं,” ती म्हणाली. “आता ये.” मग, “एकटी ये.”

मी काही बोलायच्या आत स्वयंपाकघरातून हिनं विचारलं, “कोणाचा गं?”

“मावशीचा. जेवायला बोलावतेय.”

“दोघींना?”

फोन माझ्या कानाला तसाच होता. मावशीला सगळं ऐकू जात होतं. मी मोठ्यानं, तिलाही नीट ऐकू जाईल असं म्हणाले, “हो. दोघींना.”

मावशीनं फोन ठेवला नाही. मागं कुकरची शिट्टी झाली.

“बरं,” ती शेवटी म्हणाली. “मुक्कामाला नको. काका दुपारी झोपतात, ते झोपले की या.”