गाऱ्हाण्याचं टेस्टिंग

मिररलेस कॅमेरा घरी आला त्या दिवशी मी आधी मॅन्युअल वाचायला बसलो. पहिल्या पानापासून. बायको म्हणाली, "अहो, एखादा फोटो तरी काढा." मी म्हटलं, थांब जरा, वस्तू समजून घ्यायची असते. ठाण्याच्या एका कॉलेजात, फिजिक्सच्या लॅबमध्ये मी बावीस वर्षं असिस्टंट आहे. पोरं मीटर उलटा जोडतात, सेल न लावताच काटा हलत नाही म्हणून बोंबलतात आणि मी खेकसतो, "आधी कनेक्शन तपास, मग तोंड उघड!" अशा माणसाच्या हातून काय चुकणार, असं मला खरंच वाटायचं.

कॅमेरा घेतला होता खाडीवरच्या पक्ष्यांसाठी, पण पहिले दोन महिने त्याच्यासमोर बसले ते माझे बाबा. शहात्तर वर्षांचे. डोंबिवलीतल्या आमच्या गॅलरीत शर्टाची वरपर्यंत बटणं लावून, मान ताठ करून बसायचे. या कॅमेऱ्यात आरसा नसतो, शटरचा आवाज बंद करता येतो. बाबांना ते काही पटेना. माझे वीस फोटो काढून झालेले असायचे आणि ते ओठ न हलवता विचारायचे, "काढलंस मां?" खट् असा आवाज आल्याशिवाय फोटो निघाला यावर त्यांचा विश्वास नव्हता. मी चिडायचो. "बाबा, निघाला हो! हलू शकता तुम्ही आता."

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तो चौकोन. माणूस समोर आला की स्क्रीनवर एक बारका चौकोन त्याच्या डोळ्यावर जाऊन बसतो आणि तो माणूस कितीही हलला तरी सोडत नाही. मी त्यावर बेहद्द खूश होतो. एकेक करून सामानही जमवत गेलो. जादा बॅटरी, धूळ उडवायचा रबरी फुगा, ट्रायपॉड आणि कॉलरला अडकवायचा एक माईक. दिवा स्टेशनजवळ राहणारी माझी बहीण आली की चिडवायची, "दादा, लग्नाच्या ऑर्डरी घ्यायला लागलास की काय?"

बाबांचा आवाज तेव्हा बसलेलाच होता. तीन महिने ते खडीसाखर चघळत होते आणि आम्ही शहाणी मुलं त्यांना हळदीचं दूध देत होतो. शेवटी ठाण्याच्या हॉस्पिटलात नेलं, नळी घालून तपासलं, घशातला तुकडा तपासायला पाठवला. डॉक्टरांनी आम्हाला बसायला सांगितलं. स्वरयंत्र काढावं लागेल, म्हणाले. पूर्ण. मानेला समोर एक छिद्र ठेवायचं, श्वास तिथून घ्यायचा. बहिणीने विचारलं, "म्हणजे बोलता..." डॉक्टर म्हणाले, "आत्ता बोलतात तसं नाही." बाबा सगळं ऐकत होते. रिक्षात बसल्यावर एकच बोलले, "गाऱ्हाणा कोण घालतलो?"

आमचं घर मूळचं कोकणातलं. गणपतीत, कुणाच्या लग्नाआधी, घरात काही संकट आलं की घरातला मोठा पुरुष देवापुढे नारळ ठेवून उभा राहतो आणि मोठ्याने देवाला सगळं सांगतो. काय झालंय, काय हवंय, काय चुकलंय. त्याच्या प्रत्येक वाक्यामागे बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. ते गाऱ्हाणं. एरवी शुद्ध मराठीत भाजीवाल्याशी हुज्जत घालणारे बाबा गाऱ्हाण्याला उभे राहिले की मालवणीत शिरायचे आणि त्यांचा आवाजच बदलायचा. आमच्या घरच्या गाऱ्हाण्यात गेलेल्या माणसांची ओळ आहे, सात पिढ्यांची. वाटेवरचा, पाणवठ्यावरचा, सीमेवरचा असे सगळे देव आहेत. लहानपणी विहिरीत पडून गेलेली बाबांची बहीण आहे. तिचा ना फोटो, ना कुठल्या कागदावर नाव. वर्षातून एकदा बाबा तिला हाक मारायचे, तेवढीच ती उरलेली. आजोबांकडून ते बाबांकडे आलं होतं, ऐकून ऐकून. मी इतकी वर्षं मागे उभा राहून फक्त "व्हय म्हाराजा" म्हणत आलो. शिकायला काय, आहेत की बाबा.

मी म्हटलं, रेकॉर्ड करूया. कॅमेरा आहे, माईक आहे.

ऑपरेशन मंगळवारी ठरलं. रविवारी सकाळी बहीण आली, बायकोने देव्हाऱ्यापुढे पाट मांडला, नारळ ठेवला, विडा ठेवला. मी ट्रायपॉड लावला, खिडकीचा उजेड बाबांच्या डाव्या गालावर येईल असा. माईक बाबांच्या कॉलरला लावला, त्याची वायर शर्टाच्या आतून घेतली म्हणजे दिसायला नको. आदल्या दिवशी तो मोबाईलला लावून मी तपासला होता, आवाज कसा खणखणीत आलेला. आता कॅमेऱ्याला लावला आणि म्हटलं, "बाबा, आधी जरा टेस्टिंग करू. दोन ओळी म्हणा."

बाबा माझ्याकडे बघतच राहिले. "गाऱ्हाण्याचा टेस्टिंग करतत खंय? देव काय तुजो नोकर आसा, परत परत हाक मारूक?"

"बरं, मग नुसतं एक-दोन-तीन म्हणा."

त्यांनी मान हलवली. गळ्यावर हात ठेवला. "जा काय उरला हा, ता त्येच्यापुढेच," देव्हाऱ्याकडे बघून म्हणाले.

मी स्वतः त्या माईकमध्ये दोन शब्द बोलून बघू शकलो असतो. बावीस वर्षं पोरांना जे सांगतोय ते एकदा स्वतः करू शकलो असतो. नाही सुचलं. बायको म्हणाली, "मी मोबाईलवरपण लावून ठेवते ना." मी उसळलो. "एवढा कॅमेरा असताना मोबाईल कशाला? उलट सगळ्यांचे मोबाईल आत ठेवा. मध्येच कुणाचा तरी वाजेल!" सगळ्यांनी मुकाट्याने मोबाईल आतल्या खोलीत नेऊन ठेवले. बाबांनीसुद्धा.

गाऱ्हाणं पंधरा-सोळा मिनिटं चाललं. पहिली दोन वाक्यं घोगरी आली आणि मग, कसा कुठून कोण जाणे, बाबांचा जुना आवाज आला. बहीण रडत होती आणि रडत रडत "व्हय म्हाराजा" म्हणत होती. विहिरीतल्या आत्याला हाक मारताना बाबा थांबले, मग पुढे गेले. मी स्क्रीनकडे बघत होतो. तो चौकोन बाबांच्या डोळ्यावर घट्ट बसला होता, जराही ढळत नव्हता. स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात आवाज दाखवणाऱ्या दोन बारीक रेघा असतात. त्या हलत होत्या की नव्हत्या, मी बघितलंच नाही.

दुपारी बाबांच्या थुंकीत रक्त आलं. बहीण माझ्यावर ओरडली, "झालं तुझं शूटिंग? आता एक शब्द बोलायला लावू नकोस त्यांना!" बाबा झोपले. मी कार्ड काढून लॅपटॉपला लावलं.

चित्र काय सुंदर आलं होतं! बाबांच्या भुवईतला एकेक पांढरा केस मोजावा असं. बाबांचे ओठ हलत होते, गळ्याची शीर फुगत होती, मागे बहीण डोळे पुसत होती. आणि आवाज नव्हता. नुसती एक बारीक सळसळ. मी लॅपटॉप बदलला, इअरफोन बदलले, कार्ड पुन्हा कॅमेऱ्यात घालून बघितलं. मग माईक हातात घेतला. त्याच्या वायरीवर एक डबी असते, डबीवर बटण. एका बाजूला मोबाईलचं चित्र, दुसऱ्या बाजूला कॅमेऱ्याचं. बटण मोबाईलवर होतं. आदल्या दिवशी मीच तपासताना केलेलं. बटण तिकडे असलं की कॅमेऱ्याला जोडलेला माईक बंदच राहतो. कॅमेऱ्याच्या मॅन्युअलमध्ये हे नव्हतं. माईकच्या चिठोरीवर होतं. ती मी वाचली नव्हती, कारण माईक म्हणजे काय, त्यात काय वाचायचं?

तेव्हा रविवारची दुपार होती. मंगळवार सकाळपर्यंत बाबांना आवाज होता. हे मी तेव्हा कुणालाच सांगितलं नाही. बाबांना उठवून मला म्हणता आलं असतं, बाबा, चुकलं माझं, मोबाईलवर जमेल तेवढं बोला. देवाला पुन्हा हाक मारायची नसेल तर नुसती नावं सांगा. ते चिडले असते, रक्त आलं असतं, पण कदाचित बोलले असते. मी नाही उठवलं. रक्त आलं होतं म्हणून नाही. लाज वाटली म्हणून. सगळ्यांचे मोबाईल मीच आत ठेवायला लावले होते, आता कुठल्या तोंडाने सांगू?

सोमवारी त्यांना ॲडमिट केलं. संध्याकाळी मी पलंगाशेजारी बसलो होतो. त्यांनी हाताने जवळ बोलावलं आणि विचारलं, "आवाज बरो इलो मां?"

"एकदम मस्त आला, बाबा," मी म्हणालो.

ते हसले. त्यानंतर माझ्याशी ते तोंडाने काही बोलले नाहीत. सकाळी त्यांना नेलं तेव्हा मी औषधांच्या लाईनीत उभा होतो.

घरी आल्यावर बाबांना पाटी आणून दिली. चहा, पंखा, पेपर, सगळं पाटीवर. मी महिनाभराने अगदी सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "बाबा, गाऱ्हाणं लिहूनपण ठेवूया का? व्हिडिओ आहेच, पण असावं." त्यांनी वही घेतली. चार ओळी लिहिल्या आणि अडकले. पुन्हा पहिल्यापासून लिहिलं, पुन्हा तिथेच अडकले. डोळे मिटून ओठ हलवून बघितले, हात जोडून उभे राहिले. पुढचं येईना. ते त्यांना पाठ नव्हतंच कधी, नुसतं तोंडातून यायचं. एक वाक्य कानावर पडलं की त्याच्या मागून दुसरं. तासाभराने त्यांनी वही मिटून ठेवली आणि पाटीवर लिहिलं, "व्हिडिओवरून उतरून घे."

मी टाळत राहिलो. कार्ड दुरुस्तीला दिलंय, कॉपी करायला वेळ लागतो, काय वाट्टेल ते सांगितलं. गणपती चार दिवसांवर आले तेव्हा बाबांनी सकाळीच पाटी माझ्यापुढे धरली. "यंदा तू घालणार. टीव्हीवर लाव. शीक."

बायको किचनमध्ये होती. मी लावला. का लावला, मला सांगता येणार नाही. खोटं बोलून बोलून थकलो होतो, एवढंच.

टीव्हीवर बाबा हात जोडून उभे राहिले, ओठ हलू लागले. खुर्चीतल्या बाबांनी रिमोट उचलला आणि आवाज वाढवला. वीस. चाळीस. साठ. रिमोट तळहातावर आपटला, पुन्हा दाबला. शंभर झाला. मलाही ती बारीक सळसळ जेमतेम ऐकू येत होती. मग त्यांनी पाटी ओढली आणि घाईघाईत लिहिलं, "कान पण गेले काय माझे?"

क्षणभर, देवाशप्पथ सांगतो, मला हो म्हणावंसं वाटलं. तेवढ्यात आत कुकरची शिट्टी झाली. बाबांनी मान तिकडे वळवली. मग सावकाश माझ्याकडे वळवली.

"बाबा, बटण चुकीच्या बाजूला होतं," मी म्हणालो. "मला त्याच दिवशी कळलेलं."

बाबा खुर्चीतून उठले. पाटी खाली पडली, ती त्यांनी उचलली नाही. माझ्या तोंडासमोर बोट नाचवत ते बोलायला लागले. मानेच्या शिरा तटतटल्या, चेहरा लाल झाला, मानेच्या छिद्रावर बांधलेल्या कापडातून फसफस हवा येऊ लागली. लहानपणी मार खाताना उभा राहायचो तसा मी खाली मान घालून उभा राहिलो. बराच वेळ बाबा मला शिव्या देत होते आणि त्यातली एकसुद्धा मला ऐकू येत नव्हती.