कप्तानाचा सालदार

कप्तान आभाळात भेत नोता, जमिनीवर भेये. दमनीले बैल जुपले का तो चार हात लांब उभा राये, आन बसा म्हटलं तं म्हने, "वैनी, याले शिंगं हायेत आन याच्या मनात काय हाये ते कोनत्याच काट्यावर दिसत नाई." मंग पायी चाले, बूट धुळीनं भरेपर्यंत, आन मागून रिकामी दमनी. आमच्या घरचे हसत, मी बी हसो. तवा हसाले अंगात जोर होता.

कापसाच्या जिनवाल्या शेठचं लहानसं इमान होतं, दोन इंजिनाचं, ते आसेगावच्या रस्त्याकडल्या माळावर उतरे. आमच्या घरचे त्या माळाचे राखनदार, ढोरं हाकलाची, गोटे येचाचे, चुन्याच्या रेघा मारून ठेवाच्या, म्हनून आमची झोपडी तथीच. शेठ उतरला का मोटारीनं वाशीमले जाये आन कप्तान दिवसभर आमच्या दारात निंबाखाली बसून राये. त्याचं खरं नाव कोनी घेत नोतं. लढाईत इमान शिकला म्हनत. मानूस आमच्याच इकडला, बोलनं आमच्यासारखं, पन चेहरा असा का जशी कधीच झोप पुरी झाली नाई.

एकदा आमच्या घरच्यायनं त्याले इचारलं का भाऊ, एवढा येळ ते इमानाचं दांडकं धरून हात नाई का भरून येत. तं कप्तान म्हने, "हात मोकळेच रायतात. वर माहा सालदार हाये ना." बस, मी तेवढंच आयकलं. सालदार म्हटला का सालभराचा गडी, त्याची भाकर घरधनीनीनं द्याची, हे आमच्याकडं कोनाले सांगा लागत नाई. त्या दिवसापासून म्या कप्तानाच्या फडक्यात दोन भाकरी जास्तीच्या बांधल्या, वर ठेचा. तो मुकाट घेऊन जाये. लय दिवसानं म्या इचारलं, तुमच्या सालदाराले ठेचा तिखट तं नाई लागत, खाली उतरत काहून नाई बिचारा. कप्तान एवढा हसला का डोळ्यातून पानी. म्हने, "वैनी, तो भाकर नाई खात, नुसती हवा खाऊन रायते. तुमच्या भाकरी मीच खाल्ल्या."

मंग त्यानं मले इमानात नेऊन दाखवलं. पुढच्या फळीवर एक पेटी, तिच्यावर काचा, आन दोन चक्र्या. हाच सालदार. वरची चक्री वळाची, खालची चढा-उतराची. आधी सुया जुळवाच्या आन मंगच खटका लावाचा, नाई तं इमान हिसका मारते. खटका लागला का इमान हात न लावता चालते, आन खालची चक्री मागं फिरवली तं इमान नाक वर करून चढते, पुढं फिरवली तं उतरते. मी म्हटलं, मंग तुमचं काय काम. म्हने, "तो खरा सालदार हाये. चढ म्हटलं का चढत रायते. कुठं थांबाचं ते त्याले समजत नाई. इंजिनाचा दम तुटला तरी चढनच, मंग इमान पडते. थांब म्हनाले मानूस लागते."

आन कान मोठा तिखट कप्तानाचा. मी आत दळत असली तं भाईरून म्हने, वैनी, जात्याले टाकी लावा, आवाज जड झाला. आन खरंच पीठ जाडं येत राये. जेवताना, बोलताना, एक कान त्याचा कुठंतरी लागलेलाच.

माही लेक शेवंती रांगाले लागली होती तवा तिले डांग्या खोकला झाला. ज्यानं आयकला त्यालेच समजन. लेकरू खोकते, खोकते, श्वास घ्याले जागाच नाई, मंग तोंड लाल, मंग निळं, आन मंग एक लंबा आवाज आत वढल्यासारखा, का जीव परत आला म्हनाचं. तो आवाज येईपर्यंत मी बी श्वास घेत नोती. वाशीमच्या डाक्टरची दवा झाली, शिरपूरचा अंगारा झाला, गाढवीनीचं दूध झालं. मी इतकी थकली होती का भाकर थापता थापता डोळा लागे, आन ती खोकली का हातपाय जागीच थिजत. मले काईच करता येत नोतं, नुसती पाहो.

कप्तानानं तिचा एक झटका पायला.  मंग म्हने का विलायतेत अशा लेकराले इमानात घालून उंच नेतात, पातळ हवेत खोकला मोडते म्हनतात. "जमन का नाई मले माहीत नाई वैनी. खोटं सांगत नाई." मी म्हटलं, शेठ? शेठची सक्त ताकीद होती का त्याच्याबिगर इमान हालवाचं नाई. म्हने, "शेठ वाशीमले हाये. तो परत येन्याआधी येतो आपन." आमच्या घरचे नाई म्हनत होते. मी नाई आयकलं. लेकरू डोळ्यापुढं चाललं होतं.

मले त्यानं आपल्या बाजूच्या खुर्चीवर बसवलं, पट्टा बांधला, पोरगी छातीशी. माळ सुटला तवा म्या डोळे मिटले, उघडले तं शिरपूरच्या देवळाचं शिखर हरभऱ्याच्या दान्याएवढं. कप्तानानं सुया जुळवल्या, खटका लावला, चक्री कनभर मागं घेतली, इंजिनाले जोर देला आन हात मांडीवर ठेवले. सालदार चढाले लागला. एवढ्या दमानं का अंगाले समजे बी नाई, फक्त काट्यावर दिसे आन गारठा वाढे.

आन तथीच शेवंतीले झटका आला. असा कधीच नोता आला. खोकली, खोकली, निळी पडली, आन तो आत वढल्याचा आवाज आलाच नाई. मी थिजली. कप्तानानं पट्टा सोडला, पोरीले माह्या मांडीवरून उचललं, उलटं धरलं, बोट घालून तोंडातला चिकट बेडका काढाले लागला, एका हातानं पाठीवर थापट्या. तितक्यात त्याचा कान टवकारला. इंजिनाचा आवाज जड झाला होता, म्या बी आयकला, चढावर भरली गाडी अडते तसा. सालदार चढतच होता.

"वैनी, खालची चक्री. पुढं फिरवा."

म्या म्हटलं, मले भेव लागते.

"लागू द्या. भेत भेत फिरवा. वरची नाई, खालची. जातं फिरवता तसं, दमानं."

 चक्री गार होती. फिरवली तं काईच झालं नाई, आनखी फिरवली, तं पोटात खड्डा पडला आन नाक खाली आलं, आन आवाज हलका झाला. बास, म्हने, आता तशीच राहू द्या. मले हात काढताच येईना. आन बाजूले शेवंतीनं श्वास वढला, तो लंबा आवाज, आन मंग रडली. इतकी रडली, बाप्पा.

म्या म्हटलं, भाऊ, मले खाली न्या, बरी होवो का न होवो, मले माही पोरगी जमिनीवर पायजे. त्यानं चक्री जराशी आनखी पुढं केली आन म्हने, उतरेपर्यंत पाजत राहा, लेकराचे कान दुखतात.

खोकला काई त्या दिवशी गेला नाई. तसाच राह्यला, हळूहळू झटके लांबत गेले. इमानानं का दवेनं का आपल्याच मनानं, मले नाई सांगता येत.

शेठले कोनाले सांगा लागलं नाई, साऱ्या वाशीमनं इमान पायलं होतं. आमच्या घरच्यायची नोकरी राह्यली, कारन कप्तानानं सांगतलं का यायले माहीतच नोतं. कप्तानाची गेली.

मंग एक दिवस तो वाशीमच्या सर्विस मोटारीनं आला, आमच्याकडं ठेवलेला जाडा कोट आन घोंगडं न्याले. चहा घेतला. मी म्हटलं, आता कुठं जाता भाऊ. म्हने पाहू, कुठं तरी इमान असनच. मले पाया पडाचं होतं, पन तो पिशवी घेऊन उठलाच, रस्त्यावर परतीची मोटार भोंगा वाजवून राह्यली होती. आन शेवंती खोकाले लागली.

कप्तानानं पिशवी खाली ठेवली. हात मात्र पुढं केला नाई. नुसता उभा. मी भेत होती, पन पोरीले उलटं धरलं, बोट घातलं, पाठीवर थापटलं. भोंगा पुन्हा वाजला. तो हालला नाई, मान एका अंगाले करून आयकत राह्यला. मंग श्वास आला.

तवा त्यानं पिशवी उचलली. मोटार निघून गेली होती. येतो वैनी म्हनला, आन वाशीमच्या रस्त्यानं पायीच चालाले लागला.