देवाला भलतंच विचारून आले

या ग्रुपमध्ये माझ्या गावचं कोणी नाही, म्हणून लिहिते.

आज सकाळी देवळात कौल घ्यायला गेले होते. आमच्या वेंगुर्ल्याकडे काही ठरत नसलं की देवाला विचारतात. गुरव मूर्तीला पाकळ्या लावतो, आपण प्रश्न सांगायचा. उजवी पाकळी पडली की होकार.

माझा प्रश्न भुवयांचा होता. साठीत त्या इतक्या उतरल्यात की मी कायम चिडलेली दिसते. मासेवाली रोज विचारते, "बाई, रागावलात काय?" हे गेल्यापासून मी घरात एकटीच, त्यात असा चेहरा. शेजारणीसुद्धा हल्ली फाटकावरूनच बोलून जातात. गोव्यातले डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून भुवया वर घेता येतील. उद्या त्यांना काय ते कळवायचंय.

गुरव म्हणाला, "काय विचारूचा आसा, बाई? मोठ्यान सांगा."

मागे ओळखीच्या चार बायका उभ्या होत्या. माझी जीभच रेटेना. म्हटलं, "मुलगा गणपतीला घरी येईल का?"

उजवी पाकळी पडली. "येतलो, बाई. देवान उजवो कौल दिल्यान," गुरव म्हणाला. बायकाही खूश झाल्या. येणं जमणार नाही असं मुलाने कालच कळवलंय, हे मी बोलले नाही.

घरी येऊन खरा प्रश्न आरशासमोर मोठ्याने म्हणून पाहिला. ऐकायला कोणी नव्हतं, तरी आवाज दबकाच निघाला.

आता तुम्हालाच विचारते. करू का?