कच्च्या मातीची म्हातारी

मी दुबईला निघाले तो दिवस ऐन सीझनचा. आमच्या हमरापूरच्या कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. चहूकडे बिनरंगाचे गणपती आणि अण्णा कोपरापर्यंत शाडूत माखलेले. विमानतळावर यायचं सोडाच, ते पाटावरून उठलेसुद्धा नाहीत. "जा बाय. पोचलीस की फोन कर," एवढंच. असा राग आला होता मला! पनवेलपर्यंत मी नवऱ्याशी बोलले नाही, जणू त्यानेच माझ्या बापाला तिथे बसवून ठेवलं होतं.

आता संसार दुबईतल्या अल कुसैसमध्ये आणि नोकरी शेजारच्या शारजातल्या एका आर्ट गॅलरीत. प्रदर्शनं उभी करायची, म्हणजे क्रेट उघडण्यापासून लाइट लावण्यापर्यंत सगळं. घरात मी मराठीत ओरडते, लेक इरा इंग्लिशमध्ये उत्तर देते. 'तुमचं काय बाई, मॉल आणि मेट्रो,' असं तुम्ही गावाकडचे म्हणता. इथला व्हिसा नोकरीला बांधलेला असतो, हे कितीदा सांगितलं तरी तुमच्या गळी उतरत नाही. ज्या वर्षाचं सांगतेय, त्या वर्षी नवऱ्याची कंपनी बंद पडली होती. आम्ही तिघंही माझ्या व्हिसावर, आणि इरा बारावीला.

अशा वेळी अण्णा पहिल्यांदाच आले, व्हिजिटवर. आणि गॅलरीत आली मेई, चीनमधल्या चोंगचिंग शहराची शिल्पकार. तिची गल्ली पाडून तिथे टॉवर झाले होते. गल्लीतल्या माणसांची तोंडं तिने कच्च्या मातीत घडवली होती, चांगल्या कलिंगडाएवढी. मागच्या भिंतीवर त्याच गल्लीचे तिने वर्षानुवर्षं काढलेले फोटो: आधी दोरीवरचे कपडे, मग पत्रे, मग क्रेन, मग नुसती काच. माती भाजायची नाही, हा तिचा हट्ट. एसीच्या कोरड्या हवेत ती तोंडं वाळणार, लोकांसमोर रोज थोडी थोडी तडकणार, तेच तिचं काम.

ओपनिंगच्या दिवशी दुपारी मी अण्णांना तिथे घेऊन गेले. हौस हो, दुसरं काय! फोटोंपुढे ते बराच वेळ उभे राहिले. "आपल्या समोरच्या शेतात पण आलीय अशी क्रेन," म्हणाले. तेवढ्यात आमची क्युरेटर रानिया हिने मीटिंगला हाक मारली, "यल्ला, यल्ला!" म्हणजे चला, चला. अण्णांना स्टुलावर बसवून मी आत पळाले.

परत येते तर अण्णा जमिनीवर मांडी घालून बसलेले. पुढ्यात सगळ्यात आधी तडकलेलं एका म्हातारीचं तोंड, शेजारी मेईचा उरलेला मातीचा गोळा आणि माझी पाण्याची बाटली. कपाळापासून हनुवटीपर्यंत गेलेला तडा त्यांनी असा बुजवला होता की शोधून सापडेना.

"वेळीच बघितलं म्हणून बरं," ते म्हणाले. "असं भंगलेलं तोंड लोकांपुढे ठेवतात का? आपल्याकडे नखाएवढा तडा गेला तरी मूर्ती कारखान्याबाहेर जात नाही." आणि वर स्वारी खूश!

माझ्या तोंडचं पाणी पळालं. "अण्णा, हे काय करून बसलात! ते तडकायलाच ठेवलं होतं हो!"

ते काही बोलायच्या आत रानिया आणि मेई समोर उभ्या. रानियाने कपाळावर हात मारला. "खलास! दोन तासांत लोक येणार. धिस इज ऑन यू." नोकरी, व्हिसा, इराची परीक्षा, सगळं डोळ्यांपुढे गरगरलं. मेई ओरडली असती तर परवडलं असतं. ती त्या तोंडापुढे उकिडवी बसली आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "ही माझी आई. घर पाडलं तेव्हा ती अशीच झाली होती. माती ओली आहे तोवर तडा परत उघडा." तिने कोरणी उचलली आणि परत खाली ठेवली. आईच्या तोंडावर माझ्याने नाही होणार, म्हणाली.

मी अण्णांना समजावलं, हात जोडले.

"मी नाही उघडणार," ते म्हणाले. "सांधलेलं तोंड फोडायचं पाप माझ्याकडून होणार नाही."

रानिया घड्याळ बघत होती. मी कोरणी घेतली. अण्णांच्या मांडीला मांडी लावून शिकलेला हात, आणि तो त्यांचंच काम उकरणार! म्हातारीच्या कपाळात टोक घातलं आणि मला रडूच फुटलं. आता अण्णा उठून जातात, अशी माझी खात्री होती. मागे वळून बघायची हिंमत नव्हती. गालापर्यंत आले तेव्हा मागून आवाज आला.

"हळू, बाय. ओठापाशी पातळ आहे. तिथे दाबू नकोस."

मग शेवटपर्यंत ते सांगत राहिले आणि मी उकरत राहिले. लोक यायच्या आत झालं. रानिया आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही, पण नोकरी राहिली. परतताना शारजा-दुबई बॉर्डरच्या ट्रॅफिकमध्ये अण्णा म्हणाले, "तुला एवढं घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं."

तुम्ही ग्रुपवर विचारता, घरी कधी येणार? येईन की. सुट्टीत येईन, भांडेन, पोटभर जेवेन. पण 'घरी' म्हणू नका. इथल्या ज्या जागेसाठी मी बापाच्या डोळ्यांदेखत बापाच्या हातचं काम खरवडून काढलं, तिला घर म्हणायचं नाही, तर मग काय म्हणायचं?